अकरा फिती आणि तळाची ओळ

३ ऑगस्ट

चि. सौ. बेबीस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र पोचले. तुझ्या यजमानांचा गुडघा जिना चढू लागला, हे वाचून समाधान झाले. पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका आहेत. त्या लाल शाईने दाखवून ते पत्र सोबत परत पाठवीत आहे. ज्या माणसाने केवळ चौथीपर्यंत शिकून, छापखान्यात शिशाचे एकेक अक्षर जुळवीत, चाळीस वर्षे प्राध्यापकांचे मराठी शुद्ध केले, त्याच्या सख्ख्या बहिणीने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी असे लिहिणे शोभत नाही.

येथील वार्ता येणेप्रमाणे. परवा भंगारवाल्याकडे एक लाकडी खोके दृष्टीस पडले. त्यास बारा खण होते. छापखान्यातील शिशाच्या खिळ्यांच्या पेटीची आठवण होऊन मी ते तत्काळ घेतले. घरी आणून झाकण काढतो, तो अकरा खणांत अकरा फिती, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात तारखा, बारावा खण रिकामा, आणि खालच्या कप्प्यात एक यंत्र. घरी माणूस नसता टेलिफोन उचलून आलेला निरोप फितीवर उतरवून घेणाऱ्यांपैकी ते आहे. या जातीच्या यंत्रांविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. ते पुन्हा लिहून शाई वाया घालवीत नाही.

परंतु तारखा घालून जपलेली वस्तू कोणी जाणूनबुजून भंगारात देत नाही. ज्याच्या त्याला ती पोचती करणे हे माझे कर्तव्य ठरते. खोक्यावर नावपत्ता नाही. सबब, पत्ता मिळावा एवढ्याच हेतूने मी त्या फिती ऐकणार आहे. दुसऱ्याची पत्रे वाचू नयेत हा आपल्या वडिलांचा दंडक मी विसरलेलो नाही.

जाता जाता. तुझ्या पत्राच्या तळाशी नेहमीप्रमाणे तुझ्या भाच्याचा टेलिफोन नंबर आहे. तो इतक्या बारीक अक्षरात असतो की माझ्या डोळ्यांस दिसत नाही. तेवढी ओळ वाचवावी.

लोभ आहे तो उतू जाऊ न देता टिकवावा.
दादा


१० ऑगस्ट

ती. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

लाल शाईचं पत्र मिळालं. ह्यांनी ते हातात घेऊन विचारलं की भावाची माया म्हणतात ती हीच का. मी म्हटलं, हीच. आमच्या घराण्यात माया लालच असते. या पत्रात दोन चुका मुद्दाम ठेवल्या आहेत, तुला करमावं म्हणून.

खोकं आणलंस ते बरं केलंस. वहिनी गेल्यापासून त्या खोलीत तू आणि घड्याळ दोघंच टिकटिक करत असता. निदान चार माणसांचे आवाज तरी येतील. पण यंत्र ऐकणार आणि तेही तू, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

आता माझं. तळाची ओळ मी लिहिणारच. माझा भाचा म्हणून तू ज्याचा उल्लेख करतोस तो तुझा मुलगा आहे, याची आठवण कुणीतरी द्यायला हवी. संगणक आले आणि तुझ्या छापखान्याला कुलूप लागलं, हे खरं. तो संगणकावरच पानं जुळवतो, हेही खरं. म्हणून खिळ्याला हात न लावता अक्षरं जुळवणारा तो माझा मुलगा नव्हे, असं चार माणसांत बोलायचं? त्याला चार वर्षं झाली. दादा, हाच मुलगा सात वर्षांचा असताना तुझ्या शेजारी स्टुलावर बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि तू प्रुफं तपासायचास. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं तोंडानं म्हणायचा. पुढे पुढे जेवतानाही, आई पाणी दे स्वल्पविराम गार नको पूर्णविराम, असं सुरू झालं. वहिनी हसून हसून बेजार व्हायची.

तुझी नात आता चार वर्षांची झाली. मागच्या आठवड्यात तिनं मला फोनवर विचारलं, आजोबा खरे आहेत की फक्त फोटोतले आहेत. मी सांगितलं, खरे आहेत, पण पत्रातले आहेत.

माया आहे तेवढीच ठेव, शाई बदलून बघ.
तुझी बेबी

तळाची ओळ: त्याचा नंबर तोच, पाठीमागे लिहिला आहे. या वेळी मोठ्या अक्षरात.


१९ ऑगस्ट

चि. सौ. बेबीस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्रात दोन नव्हे, पाच चुका आहेत. मुद्दाम ठेवलेल्या कोणत्या, ते कळवावे, म्हणजे त्या वगळून रागावता येईल.

यंत्र चालू झाले. आतील रबरी पट्टा तुटला होता. त्या जागी मी जुन्या पायजम्याचे इलॅस्टिक बसविले. पहिले दोन दिवस सर्व मंडळी फार जड आवाजात, जांभया देत बोलत होती. इतक्या आळशी माणसांनी टेलिफोन तरी कशाला करावा, असे वाटले. मग कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने योग्य पट्टा बसवून दिला आणि मंडळी शुद्धीवर आली. दोष त्यांचा नव्हता, पायजम्याचा होता.

आरंभी यंत्राच्या मालकाचा आवाज येतो. मी घरी नाही, निरोप ठेवा, एवढेच तो म्हणतो. वाक्य शुद्ध, उच्चार स्वच्छ, परंतु नाव नाही. पुढे निरोप. पहिल्या फितीत एक बाई आहेत. त्या खालच्या मजल्यावर राहतात आणि त्यांची शिडी मालकाने दिवा बदलण्यासाठी नेली आहे. पहिल्या निरोपात त्या शिडी सवडीने द्यावी म्हणतात. तिसऱ्यात कळवितात की आता त्यांच्याही घरचा दिवा गेला असून, शिडी वर आणि अंधार खाली, हा कुठला न्याय. पाचव्यात बजावतात की त्या टेबलावर स्टूल ठेवून चढत आहेत, आणि पडल्या तर ते पाप कोणाच्या माथी याचा विचार व्हावा. सहाव्यात त्या पडलेल्या आहेत. घोटा सुजला आहे; तेव्हा शिडी राहू द्यावी, स्वतःच येऊन दिवा लावून जावे. सातव्यात आभार मानतात. मात्र दिवा लावून झाल्यावर गृहस्थ शिडी पुन्हा वर घेऊन गेले, हे त्यांच्या ध्यानात आणून देतात.

दुसरे एक वृद्ध आहेत. ते मालकाचे वडील असावेत. दर रविवारी बोलतात. नाव सांगत नाहीत, मी बोलतोय, एवढे म्हणतात. मग घरचा नळ कसा गळतो, सोबती बुद्धिबळात उंट कसा हळूच सरकवितो, डाव्या कानाने कसे कमी ऐकू येते, हे सांगून शेवटी बाकी ठीक म्हणतात आणि फोन ठेवतात. मी त्यांस बाकी-ठीक असेच नाव दिले आहे. माणूस साधा, परंतु मुद्देसूद. खटकणारी गोष्ट अशी की मुलगा एकदाही टेलिफोन उचलीत नाही. चौथ्या फितीत तर बाकी-ठीक स्वतःच म्हणतात, तू तिथेच बसला आहेस, मला माहीत आहे. बापाने असे म्हणावे आणि मुलाने ते यंत्राकडून ऐकावे. मी ती फीत थांबवून दोन फेऱ्या मारून आलो.

पत्ता अद्याप लागलेला नाही. सात फिती शिल्लक आहेत.

ममता अबाधित राखावी.
दादा

ता. क. तळाची ओळ मोठ्या अक्षरातही दिसत नाही. डोळेच अधू झाले असावेत.


२५ ऑगस्ट

ती. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

आधी शिडीचं काय झालं ते लिही, बाकीचं नंतर. तुझं पत्र मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सातव्या निरोपापाशी ते म्हणाले की माणसानं शिडी मुद्दाम नेली, हे लग्न होणार. मी म्हटलं, शिडी न देणाऱ्याशी कोण लग्न करेल. तर माझ्याकडे बघून म्हणाले, छत्री न देणाऱ्याशी केलंसच की. शेजारच्या मास्तरीण बाईही रोज जिन्यात विचारतात, शिडी मिळाली का.

आणि पत्त्यासाठी ऐकतोस म्हणे. दादा, पत्ता हवा असता तर तू पहिल्याच कॅसेटनंतर खोकं चौकीवर नेऊन दिलं असतंस. तुला गोडी लागली आहे, ते कबूल कर. त्यात लाज कसली.

पण एक गोष्ट मला टोचली, ती लिहितेच. त्या अनोळखी म्हाताऱ्याचा नळ गळतो की थांबला, हे तू जीव लावून ऐकतोस. त्याचा मुलगा फोन उचलत नाही म्हणून फेऱ्या मारतोस. आणि स्वतःच्या मुलाला चार वर्षांत तू एकदाही फोन केला नाहीस. नात झाली तेव्हासुद्धा नाही. मग त्या चौथ्या कॅसेटमधल्या मुलात आणि तुझ्यात फरक तो काय?

रागावलास तर लाल शाईत रागाव, पण उत्तर दे.
तुझी बेबी

तळाची ओळ: नंबर तोच. डोळे अधू असतील तर चष्मेवाल्याकडे जा.


७ सप्टेंबर

चि. सौ. बेबीस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझा सल्ला मी मानला. चष्मेवाल्याकडे गेलो. कारण मात्र निराळे होते.

नवव्या फितीत एक गिऱ्हाईक, डावी काच बसली का, असे विचारते, आणि टपालकचेरीसमोरच्या दुकानाचा उल्लेख करते. टपालकचेरीसमोर चष्म्यांची तीन दुकाने आहेत. सरळ विचारणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून प्रत्येक दुकानात डोळे तपासावयास बसलो आणि कान देऊन ऐकले. दोन दुकानांत आवाज जुळला नाही. तिसऱ्यात साठीच्या एका गृहस्थाने मला तक्त्यावरील तळाची ओळ वाचावयास सांगितली, आणि तो आवाज मी तत्क्षणी ओळखला. ओळ मी वाचली. त्यांनी विचारले की इतकी बारीक अक्षरे बिनचूक दिसतात, मग तक्रार काय? मी विचारले की आपल्या घरी एक शिडी आहे का?

गृहस्थांनी हातातील काच खाली ठेवली. मग मी पिशवीतून खोके काढले. त्यांनी अकराही फितींवरील तारखा एकेक करून पाहिल्या आणि खाली बसले. घर रंगविताना त्यांच्या पत्नीने अडगळ म्हणून खोके भंगारात दिले होते. गेला महिना ते साऱ्या भंगारवाल्यांकडे हिंडत होते आणि पत्नीशी जेमतेम बोलत होते. आतून पत्नी आल्या. त्यांनी प्रथम डोळ्यांस पदर लावला आणि मग मला विचारले की मी शिडीचे सगळे ऐकले काय? मी होय म्हणताच त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या की बघा, आता गावभर झालं. तुझ्या यजमानांचा अंदाज बरोबर निघाला, हे त्यांस कळवावे. दहाव्या फितीपासून यंत्रावरील आवाज या बाईंचाच आहे: आम्ही दोघे बाहेर आहोत, निरोप ठेवा. शिडी अद्याप वरच्या मजल्यावरच आहे, कारण आता त्याही तेथेच राहतात.

निघताना मी त्यांस बोललोच. वडील बोलत असता आपण टेलिफोन का उचलीत नव्हता, असे विचारले. ते म्हणाले की सुरुवातीला उचलत होतो. उचलला की तिसऱ्या वाक्याला भांडण. मग एके रविवारी ते घरी नसताना वडील यंत्राशी बोलले, आणि इतके शांत, इतके भरभरून बोलले की मुलाला तो माणूसच नवा वाटला. वडिलांनीच पुढे सांगून टाकले की उचलू नकोस, मी बोलतो, तू ऐक. तेव्हापासून मुलगा दर रविवारी यंत्राशेजारी खुर्ची घेऊन बसत असे. फीत भरली की पुसत नसे, नवी आणीत असे. अकराव्या फितीत वडील शेवटी सांगतात की नळ गळायचा थांबला. बाराव्या खणात ठेवण्याजोगे पुढे काही आले नाही.

यंत्राविषयीच्या माझ्या मतात दुरुस्तीस जागा आहे, असे मला तेथून परतताना वाटले.

आता तुझे शेवटचे विधान. मी चार वर्षांत एकदाही टेलिफोन केला नाही, हे चुकीचे आहे, आणि चुकीचे विधान मी छापील वा लेखी, कोठेही राहू देत नाही. नात झाल्याचे तुझे पत्र आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी टेलिफोन केला होता. यंत्र बोलले. सूर वाजला. यंत्रास मायना काय घालावा, हे मला सुचेना. मी टेलिफोन ठेविला. मुलाने बापापुढे यंत्र उभे केले, असा मी त्याचा अर्थ घेतला. हे मी कोणास सांगितलेले नाही. तूही सांगू नये.

स्नेह आहे तसाच असू द्यावा.
दादा


१२ सप्टेंबर

ती. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तू सांगू नकोस असं लिहिलंस, म्हणून मी सांगितलं. पत्र वाचून संपायच्या आत त्याला फोन लावला. आता रागाव.

मी म्हटलं, तुझ्या बाबांनी मुलीच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी फोन केला होता.  तर म्हणाला, आत्या, मला माहीत आहे. त्या दिवशीची कॅसेट त्याच्याकडे आहे. तिच्यात शब्द एक नाही. फक्त दोनदा घसा खाकरलेला आहे, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज. तू प्रत्येक प्रूफ वाचायच्या आधी दोनदा खाकरतोस. एकदा जोरात, एकदा हळू. त्यानं लगेच ओळखलं. त्यानं ती कॅसेट काढून कपाटात ठेवली आणि यंत्राला नवी घातली.

मी चिडून विचारलं, मग फोन का नाही केलास? तर म्हणतो, बाबांनी न बोलता ठेवला, म्हणजे त्यांना बोलायचं नसेल. एका माळेचे मणी. चार वर्षं एक खोकल्यापाशी थांबलाय आणि दुसरा मायन्यापाशी.

एवढंच कळवते की संध्याकाळी साडेसहापर्यंत त्यांच्या घरी कुणी नसतं. म्हणजे यंत्र असतं. उचलायला कुणी नाही, भांडायला कुणी नाही. बाकी ठीक.

तू रागावलास तरी माझा लोभ कमी होणार नाही.
तुझी बेबी

तळाची ओळ: वाच.


१८ सप्टेंबर

चि. सौ. बेबीस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

तू विश्वासघात केलास. त्याबद्दल मी तीन दिवस रागावलो होतो. चौथ्या दिवशी मजकूर लिहावयास बसलो.

दोन पाने झाली. दोनदा तपासली. ती घेऊन सायंकाळी सव्वासहास कोपऱ्यावरच्या टेलिफोनवाल्याकडे गेलो. यंत्र बोलले, परंतु आवाज त्याचा नव्हता. एका लहान मुलीने मला सांगितले की आम्ही घरी नाही, आणि पीप वाजल्यावर बोला. बेबी, तिचा उच्चार अगदी स्वच्छ आहे.

मी दोनदा खाकरलो आणि वाचू लागलो. चिरंजीवास अनेक आशीर्वाद स्वल्पविराम, पत्र लिहिण्यास कारण की स्वल्पविराम, इतके होते न होते तोच यंत्राने तोडले. ते अर्धाच मिनिट ऐकते, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. पुन्हा लावला. नवा निरोप म्हणजे नवे पत्र, तेव्हा मायना पुन्हा घालणे प्राप्त होते. त्यामुळे प्रत्येक खेपेस मजकूर दोन ओळींनीच पुढे सरके. मागे रांग लागली. टेलिफोनवाला म्हणाला की आजोबा, तार पाठवा. रांगेत भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई होत्या. त्यांनी त्यास गप्प केले आणि मला सांगितले की मायना एकदा पोचला, तो काही परत जात नाही, तुम्ही पुढचं वाचा. मुद्दा पटण्याजोगा होता. पाचव्या खेपेपासून वेग आला.

सहाव्या खेपेस शुद्धिपत्र होते. पुस्तक छापून झाल्यावर चूक आढळली, तर ती लपवीत नाहीत. शेवटी कागद जोडून दाखवितात. ते येणेप्रमाणे वाचले: चार वर्षांपूर्वीच्या वाक्यात, 'माझा मुलगा नव्हे' याऐवजी 'माझा मुलगा' असे वाचावे पूर्णविराम. चुकीची जबाबदारी जुळणाऱ्याची आहे पूर्णविराम.  टेलिफोनवाल्याने कोणीही न सांगता मला स्टूल दिले.

सातव्या खेपेस समारोप होता. साडेसहा वाजून गेल्याचे मला भान राहिले नाही. चि. सौ. सूनबाईस व चि. नातीस अनेक आशीर्वाद, एवढे वाचतो, तो पलीकडे टेलिफोन उचलल्याचा आवाज झाला.  मी वाचायचे थांबलो. मग तिकडून कोणी दोनदा घसा साफ केला, एकदा जोरात, एकदा हळू, आणि विचारले की बाबा, 'आशीर्वाद'नंतर पूर्णविराम की स्वल्पविराम?

मी सांगितले, स्वल्पविराम. मजकूर अजून शिल्लक आहे.

तुझा लोभ मी आजवर गृहीत धरला; यापुढे मागून घेत आहे.
तुझा
दादा

ता. क. तुझ्या पत्रांच्या तळाची ओळ मी कधीही वाचलेली नाही, हे माझे विधान कायम आहे. त्या दिवशी टेलिफोनवाल्याकडे जाताना तुझे एकही पत्र मी सोबत नेले नव्हते. तरीही नंबर सातही वेळा बिनचूक लागला, तो कसा, याची चौकशी करू नये.